वाटेवरची गाभण घोडी : मुळशीमार्गे कोकणात जाणाऱ्या मेंढपाळांच्या ओझ्याच्या घोडीची निगा

गोषवारा

पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर दरवर्षी पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी परततात. या प्रवासात संसाराचे ओझे घोड्याच्या पाठीवर असते. ओझे वाहणारी घोडी पुष्कळदा गाभणही असते. तिची निगा कशी राखावी, याविषयीचे पशुवैद्यकीय ज्ञान उपलब्ध आहे. परंतु ते एका जागी बांधलेल्या घोडीला गृहीत धरून मांडलेले असते. प्रस्तुत लेखात हे ज्ञान स्थलांतराच्या वार्षिक वेळापत्रकाशी जोडून समजावून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. घोडी केव्हा फळते, यावर ती कोठे विते हे अवलंबून असते, आणि तेच तिच्या निगेचे मूळ सूत्र आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मुळशी, मेंढपाळ, स्थलांतर, ओझ्याची घोडी, गर्भकाळ, शिंगरू, प्राणी कल्याण कायदा.

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका सर्वसामान्य वाचकाला तीन गोष्टींमुळे परिचित असतो : १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह, टाटांचे धरण आणि अलीकडील काळात हिंजवडी परिसरात झालेली वाढ. या तालुक्याची आणखी एक ओळख आहे. देश आणि कोकण यांना जोडणारा ताम्हिणी घाट येथूनच उतरतो. पौड हे तालुक्याचे ठाणे मागे टाकून धरणाच्या काठाने जाणारा रस्ता ताम्हिणी गावावरून रायगड जिल्ह्यातील विळे गावी उतरतो व पुढे माणगावला मिळतो. घाटमाथा आणि पायथा यांच्या उंचीत सुमारे पाचशे मीटरचे अंतर आहे.

या तालुक्यात धनगर समाजाचे दोन भिन्न प्रवाह दिसतात व त्यांची गल्लत होऊ नये. डोंगरमाथ्यावर वस्ती करून म्हशी पाळणारे गवळी धनगर हे येथील स्थायिक रहिवासी आहेत. मेंढ्यांचे कळप घेऊन ऋतुमानाप्रमाणे ये-जा करणारे मेंढपाळ धनगर मात्र पूर्वेकडील कमी पावसाच्या पट्ट्यातून येतात. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या प्रवाहाशी संबंधित आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हे मेंढपाळ ताम्हिणी, वरंध यांसारख्या घाटांकडे वळतात. भाताची कापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसविल्या जातात. शेताला खत मिळते व मेंढपाळाला धान्य अथवा रोख मोबदला मिळतो. कोकणातील मुसळधार पाऊस मेंढीला मानवत नाही. त्यामुळे पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी पुन्हा घाट चढून गाव गाठावे लागते.

मेंढीवर सरकारी योजना आहेत, संशोधन आहे, महामंडळ आहे. मेंढपाळाचा संसार ज्या जनावराच्या पाठीवर चालतो, त्या घोडीकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती गाभण असेल तर दुर्लक्षाची किंमत दोन जीवांना मोजावी लागते.

उद्दिष्टे

१. ओझ्याच्या घोडीचे मेंढपाळांच्या स्थलांतरातील स्थान स्पष्ट करणे.
२. घोडीचा गर्भकाळ व स्थलांतराचे वर्ष यांचा परस्परसंबंध तपासणे.
३. गाभण घोडीचे काम, खाद्य, आरोग्य व प्रसूती यांविषयीची शास्त्रीय माहिती सुलभपणे मांडणे.
४. प्रचलित कायद्यातील तरतुदी व त्यातील उणिवा दाखविणे.

वाडा आणि घोडी

काही कुटुंबे एकत्र येऊन प्रवास करतात. त्या समूहास वाडा म्हणतात. पुरुष मेंढरे घेऊन चराईच्या वाटेने जातात. स्त्रिया बिऱ्हाड घोड्यांवर लादून पुढील मुक्कामी पोहोचतात व पाल उभारतात. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, धान्य-पीठ, अंथरूण-पांघरूण, मेंढरे कोंडण्याची वाघर, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लहान मूलही असते. ओझे किती, कसे व कोणत्या जनावरावर ठेवायचे याचा निर्णय प्रत्यक्षात लादणारी स्त्री घेते. घोडीच्या निगेविषयीचा कोणताही सल्ला तिच्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो व्यर्थ ठरतो. पशुवैद्यकीय शिबिरांत प्रायः कर्त्या पुरुषाशीच बोलणे होते, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे.

ही घोडी आकाराने लहान, काटक, खडकाळ वाटेवर भक्कम पाऊल टाकणारी असते. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी जातीची तट्टे इतिहासप्रसिद्ध आहेत. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यगीताचा दर्जा मिळाला, त्यातही त्यांचा उल्लेख आहे. त्याच सुमारास राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र अश्वजात म्हणून नोंद केली. ही जात आजवर टिकून राहिली ती प्रामुख्याने मेंढपाळांच्या वाड्यांमुळे. देशातील घोड्यांची एकूण संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत ती सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. अशा स्थितीत वाड्यातील प्रत्येक गाभण घोडी ही एका कुटुंबाचे वाहतुकीचे साधन असते, तशीच ती एका जातीच्या भवितव्याचा आधारही असते.

गर्भकाळ आणि स्थलांतराचे वर्ष

कामासाठी पाळलेली कोणतीही मादी गाभण राहिली की मालकासमोर एकच प्रश्न उभा राहतो : हिला कामावरून केव्हा काढावे? या प्रश्नाचे उत्तर गर्भकाळाच्या लांबीवर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये सशांना बिळांतून बाहेर काढण्यासाठी फेरेट नावाचा, साधारण मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी पाळतात. त्याचा गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असतो. मेंढपाळाच्या कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. अशा मादीला गर्भाच्या उत्तरार्धात कामावरून काढले, तर मालकाची अडचण तीन-चार आठवड्यांची असते. घोडीची गोष्ट वेगळी आहे. तिचा गर्भकाळ सरासरी ३४० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांचा असतो व तो ३२० ते ३६५ दिवसांपर्यंत मागेपुढे होऊ शकतो. वर्षाचे स्थलांतर आणि गर्भकाळ हे जवळपास एकाच लांबीचे असल्याने गाभण घोडीचा प्रवास टाळणे शक्यच नसते. प्रवासाचा कोणता भाग गर्भाच्या कोणत्या महिन्यात यावा, एवढेच माणसाच्या हाती असते.

घोडी ही दिवसमान वाढू लागल्यावर माजावर येणारी मादी आहे. आपल्या अक्षांशावर ही मर्यादा काहीशी शिथिल असली, तरी वसंतापासून पावसाळ्यापर्यंतचा काळ तिला अधिक अनुकूल असतो. वाडा गावी असताना २० जुलैच्या सुमारास घोडी फळली असे समजू. ती पुढील वर्षी २५ जूनच्या आसपास विईल. नोव्हेंबरात घाट उतरताना ती चौथ्या महिन्यात असेल, आणि मे महिन्याच्या मध्यास घाट चढताना दहावा महिना संपत आलेला असेल. उन्हाची तीव्रता, चाऱ्याची टंचाई, पाचशे मीटरची चढण आणि गर्भाची सर्वाधिक वाढ या चारही गोष्टी एकाच वेळी येतात. गाभण घोडीच्या निगेचा खरा पेच परतीच्या या वाटेवर आहे.

यावर घोडी ऑक्टोबरात फळवावी, म्हणजे परतीच्या वेळी तिला आठवा महिना असेल, असा उपाय सुचू शकतो. परंतु मग शिंगरू सप्टेंबरात जन्मेल आणि दीड-दोन महिन्यांच्या शिंगराला आईबरोबर घाट उतरावा लागेल. जूनअखेर जन्मलेले शिंगरू नोव्हेंबरात चार महिन्यांचे झालेले असते, ते चरू लागलेले असते आणि त्याच्या आईला दुधाच्या काळात पावसाळी हिरवे गवत मिळालेले असते. दोन्ही बाजूंचा विचार करता घोडीने गावी, पावसाळ्याच्या आरंभी विणे हेच हिताचे ठरते.

येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा मुद्दा आहे. घोडी व्याल्यानंतर साधारण सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा माजावर येते. वाड्यात घोडा मोकळा असेल, तर ती याच माजाला फळू शकते. नवव्या दिवशी फळली तर पुढील वेत ३४९ दिवसांनी येईल, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा १६ दिवस आधी. यंदा २५ जूनला व्यालेली घोडी पुढील वर्षी ९ जूनच्या, त्यापुढील वर्षी २४ मेच्या आणि तिसऱ्या वर्षी ८ मेच्या सुमारास विईल. दोन-तीन वर्षांतच वेताची वेळ घरातून घाटात अथवा कोकणच्या मुक्कामात सरकते. हा पहिला माज टाळून सुमारे २१ दिवसांनी येणाऱ्या पुढच्या माजाला, म्हणजे व्याल्यानंतर साधारण तिसाव्या दिवशी घोडी फळविली, तर दोन वेतांतील अंतर सुमारे ३७० दिवसांचे राहते आणि वेताची वेळ जवळजवळ स्थिर राहते. गर्भाशय पूर्ववत होण्यास अवधी मिळतो, हा आणखी एक लाभ होय. पहिल्या माजाला फळलेल्या घोडीत गर्भ न टिकण्याचे प्रमाणही अधिक आढळते.

यासाठी पैसा लागत नाही. व्यालेल्या घोडीला पहिले तीन आठवडे घोड्यापासून वेगळे बांधणे, नको असलेले घोडे पशुवैद्याकडून खच्ची करून घेणे आणि फळल्याची तारीख लक्षात ठेवणे एवढेच पुरेसे आहे. अशक्त घोडीला एक वर्ष रिकामे ठेवणेच इष्ट. एकाच वेळी दूध पाजणारी, गाभण आणि ओझे वाहणारी घोडी शरीरातील साठा खर्चून जगत असते.

गर्भाचे टप्पे आणि काम

गाभण घोडीने हालचालच करू नये, हा समज चुकीचा आहे. नियमित चालण्याने स्नायू, सांधे व रक्ताभिसरण चांगले राहते. अपाय होतो तो अतिश्रम, उष्णता आणि उपासमार यांमुळे. कामाच्या दृष्टीने गर्भकाळाचे तीन टप्पे पाडता येतात.

पहिला टप्पा दोन महिन्यांचा. या काळात गर्भ नाजूक असतो व गर्भ नष्ट होण्याचे प्रमाण याच काळात अधिक असते. अमेरिकेतील टेक्सास येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उष्ण हवेत नियमित व्यायाम दिलेल्या घोड्यांच्या माद्यांत गर्भ मिळण्याचे प्रमाण कमी आढळले. सुदैवाने वाडा या दिवसांत गावी असतो. पेरणी वा अन्य कामासाठी भर उन्हात ओझे लादणे टाळावे.

दुसरा टप्पा तिसऱ्या ते आठव्या महिन्यापर्यंतचा. गर्भ स्थिर झालेला असतो, त्याचे वजन अद्याप फार नसते. सुदृढ घोडी या काळात मर्यादित ओझे वाहू शकते. घाट उतरण्याचा प्रवास याच टप्प्यात येतो.

तिसरा टप्पा शेवटच्या तीन महिन्यांचा. जन्माच्या वेळच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक वाढ या काळात होते. शिंगराचे जन्मवजन आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके असते. अडीचशे किलो वजनाच्या घोडीच्या पोटात २५ किलोंच्या आसपास शिंगरू असते. वार व गर्भजल यांचे वजन निराळेच. या काळात पाठीवर ओझे नसावे, असा सर्वसाधारण पशुवैद्यकीय सल्ला आहे. ते सर्वथा अशक्य असेल, तर निदान घाटाच्या चढणीवर तिची पाठ मोकळी ठेवावी. तिचे सामान इतर घोड्यांत वाटावे अथवा काही वाड्यांनी मिळून घाटापुरता टेंपो करावा. सपाटीवर वाहावेच लागले, तर पांघरुणासारखे हलके सामान पाठीवर ठेवावे. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या जड गोण्यांचा दाब पोटावर येतो, तो टाळावा. पोटाखालचा पट्टा पोटाच्या वाढत्या घेराप्रमाणे सैल करीत जावा. पहाटे व सायंकाळी चालावे, दुपारी सावलीत थांबावे.

खाद्य आणि पाणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोषणमानकांनुसार रिकाम्या व विश्रांतीतील घोडीच्या तुलनेत नवव्या महिन्यात सुमारे १५ टक्के आणि अकराव्या महिन्यात सुमारे २८ टक्के अधिक ऊर्जा लागते. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात ही गरज जवळजवळ दुप्पट होते. हलक्या कामासाठी सुमारे २० टक्के आणि मध्यम कामासाठी सुमारे ४० टक्के ऊर्जेची भर त्याच मानकांत सांगितली आहे. गर्भ व काम या दोन्ही गरजा एकत्र आल्यास केवळ वाटेवरच्या चराईवर त्या भागत नाहीत. शिवाय वाढलेल्या गर्भाने पोटातील जागा व्यापल्यामुळे घोडी एका वेळी पुरेसे खाऊ शकत नाही.

मुळशीत व कोकणात सहज मिळणारा चारा म्हणजे भाताचा पेंढा व डोंगरावरील वाळके गवत. दोहोंतही प्रथिने अल्प असतात. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला भिजवलेले हरभरे, शिजवलेला हुलगा, ज्वारी किंवा बाजरीचा भरडा यांची जोड द्यावी. हे खाद्य एकदम न वाढविता आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावे आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे, अन्यथा पोटशूळ उद्भवतो. खड्याचे मीठ चाटावयास ठेवावे. बुरशी लागलेला पेंढा वा धान्य कदापि देऊ नये. कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जाणारे मोनेन्सिन हे औषध घोड्यास अल्प मात्रेतही प्राणघातक ठरते. म्हणून कुक्कुटपालन केंद्रावरील उरलेले खाद्य घोडीपुढे टाकू नये.

लहान चणीच्या घोड्यांत आणखी एक धोका संभवतो. गर्भाच्या अखेरच्या काळात खाद्य एकाएकी तुटले, तर शरीरातील चरबी वेगाने रक्तात उतरते, यकृतावर ताण येतो व घोडी दगावू शकते. सुस्थितीतील घोडीही दोन-तीन दिवसांच्या उपासाने या संकटात सापडू शकते. घोडीने खाणे सोडले, ती मलूल दिसू लागली, तर वाट न पाहता पशुवैद्यास दाखवावे.

पाण्याची गरज दर १०० किलो वजनामागे दिवसाला साधारण ५ लिटर असते. उष्णता व श्रम यांमुळे ती दुपटीपर्यंत जाते. मे महिन्यात ओढे आटलेले असतात आणि जलाशयाच्या काठापर्यंत पोहोचण्याच्या वाटा सर्वत्र मोकळ्या नसतात. त्यामुळे मुक्कामाची जागा निवडताना पाण्याचा विचार आधी व्हावा.

आजार आणि लसीकरण

घोड्याची जात धनुर्वातास विशेष बळी पडते. पाठीच्या जखमा, खुरात घुसलेले खिळे व शिंगराची उघडी नाळ ही या रोगाची प्रवेशद्वारे आहेत. विण्यापूर्वी चार ते सहा आठवडे घोडीला धनुर्वाताची लस दिल्यास तिचे रक्षण होते आणि चिकातून शिंगरालाही संरक्षण मिळते. २५ जूनला विणाऱ्या घोडीसाठी ही वेळ मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते, म्हणजे नेमकी परतीच्या वाटेवर.

सर्रा हा रक्तातील परजीवीमुळे होणारा रोग रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्यांमार्फत पसरतो. पावसाळ्यात व त्यानंतर त्याचा जोर असतो. अधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय, पाय व पोटाखाली सूज ही त्याची लक्षणे असून गाभण घोडीत गर्भपातही होऊ शकतो. गोचीडही तापाचे रोग पसरविते. जंतनाशकाची निवड व वेळ पशुवैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावी, कारण सर्वच औषधे गाभण जनावरास निर्धोक नसतात.

विण्याची वेळ

विण्यापूर्वी दोन ते सहा आठवडे कास भरू लागते. शेवटच्या एक ते चार दिवसांत सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात. ही खूण दिसल्यावर घोडीला चालवू नये. कोरडी, स्वच्छ व शांत जागा द्यावी. घोडी बहुधा रात्री विते. पाणमोट फुटल्यानंतर वीस ते तीस मिनिटांत शिंगरू बाहेर यावयास हवे. त्याहून अधिक वेळ लागणे हे अडल्याचे लक्षण होय. गाय किंवा मेंढी यांच्याप्रमाणे तासन्‌तास थांबण्याची मुभा घोडीच्या बाबतीत नसते. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमली आवरण आधी दिसले, तर वार अवेळी सुटली आहे असे समजावे. अशा वेळी आवरण तत्काळ फाडून शिंगराला श्वास मोकळा करून द्यावा लागतो.

त्यानंतर एक, दोन, तीन हा हिशेब ध्यानात ठेवावा. शिंगरू एका तासात उभे राहावे, दोन तासांत प्यावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. वार अडकल्यास ती ओढू नये. गर्भाशयात विषार होऊन घोडी दगावू शकते किंवा तिचे खूर कायमचे निकामी होऊ शकतात. नाळ आपोआप तुटू द्यावी व तिच्या टोकाला पशुवैद्याने दिलेले जंतुनाशक लावावे. शिंगराला गर्भाशयात आईकडून रोगप्रतिकारक द्रव्ये जवळजवळ मिळत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात, आणि आतड्याची ती शोषण्याची क्षमता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असून एका दिवसात संपते. गायीम्हशींच्या घरी चीक खरवसासाठी काढण्याची रीत आहे. घोडीचा चीक मात्र थेंबभरही वाया जाता कामा नये.

कायद्यातील स्थान

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ अन्वये वय, रोग, दुर्बलता, जखम, व्रण किंवा अन्य कारणाने कामास अयोग्य असलेल्या जनावरास कामाला लावणे हा अपराध आहे. गाभणपणाचा तेथे स्पष्ट उल्लेख नाही. तो ‘अन्य कारण’ या शब्दांत शोधावा लागतो. ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांत तट्टावर जास्तीत जास्त ७० किलो ओझे लादण्यास अनुमती आहे. दिवसातून नऊ तासांहून अधिक, विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक आणि तापमान ३७ अंशांहून अधिक असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. परंतु ७० किलोंची मर्यादा रिकाम्या आणि दहाव्या महिन्यातील घोडीला सारखीच लागू होते. नियमाने पाठीवरचे ओझे मोजले. पोटातले मोजलेले नाही.

२००१ मध्ये जनावरांच्या पायी वाहतुकीसंबंधी केलेले नियम याबाबत पुढे गेलेले दिसतात. वाटेत विण्याची शक्यता असलेल्या किंवा गेल्या ७२ तासांत व्यालेल्या जनावरास पायी नेण्यास त्यांत प्रतिबंध आहे. मात्र मेंढपाळाचे वर्षच वाटेवर जात असल्याने हा प्रतिबंध पाळावयाचा, तर त्याला घोडी ठेवण्यास जागा, चारा व पर्यायी वाहन उपलब्ध असले पाहिजे. केवळ दंडाच्या भयाने हे साध्य होणार नाही.

उपाययोजना

१. वाड्यातील प्रत्येक घोडीसाठी एक साधे नोंदपत्र असावे. त्यात फळल्याची तारीख, अपेक्षित वेत, लस व ओझे थांबविण्याचा महिना नोंदवावा. अक्षरओळख नसलेल्यांसाठी सण-तिथींच्या खुणा वापरता येतील.
२. पशुवैद्यकीय दवाखान्यांचे कार्यक्षेत्र गावांनुसार आखलेले असते. परतीच्या हंगामात, म्हणजे मे महिन्यात, घाटाच्या दोन्ही बाजूंना धनुर्वाताची लस व गर्भतपासणी यांसाठी फिरती शिबिरे घ्यावीत आणि ती मुक्कामाच्या ठिकाणी, स्त्रिया उपस्थित असतील अशा वेळी घ्यावीत.
३. घाटाच्या चढणीपुरत्या सामूहिक वाहनासाठी साहाय्य द्यावे. २०१७ पासूनच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेचा केंद्रबिंदू मेंढी आहे. मेंढपाळाच्या अर्थव्यवस्थेत घोडीचे स्थान ओळखून अशा योजनांत तिच्यासाठी तरतूद करता येईल.
४. १९६५ च्या नियमांत गाभण जनावरासाठी ओझ्याची स्वतंत्र मर्यादा घालण्यात यावी.
५. पौड, पिरंगुट परिसरातील महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून वाड्यांचे मुक्काम, पाणवठे व घोड्यांची संख्या यांची नोंद ठेवता येईल. शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे मार्गदर्शन अशा उपक्रमास घेता येण्याजोगे आहे.

समारोप

गाभण घोडीची निगा हा वरकरणी केवळ पशुवैद्यकाचा विषय वाटतो. प्रत्यक्षात त्यात ऋतुमान, भूगोल, कायदा, स्त्रियांचे श्रम आणि निर्वाह हे सारे घटक गुंतलेले आहेत. वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, व्यालेल्या घोडीचा पहिला माज टाळणे या बिनखर्चाच्या उपायाने वेत घरी, पावसाळ्याच्या आरंभी राखता येते. दुसरा, एवढे करूनही परतीची चढण गर्भाच्या शेवटच्या महिन्यांतच येते. तेथे घोडीची पाठ मोकळी करण्यासाठी समाजाचे व शासनाचे साहाय्य आवश्यक आहे. मेंढपाळाला घोडीची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. ती गमावल्यास पुढच्या मुक्कामाचे ओझे आपल्या डोक्यावर येणार, हे लादणाऱ्या स्त्रीला पुरते ठाऊक असते. तिच्या हाती योग्य तारीख, वेळेवर लस आणि घाटापुरते वाहन देणे, एवढेच काम इतरांकडे उरते.